गजभिये सिस्टरच्या गाडीला वाजलेली थंडी

बाईच्या मागे मोटरसायकलवर बसून नोकरीला जाणारा पुरुष नागपूर-कळमेश्वर रस्त्यावर माझ्याखेरीज दुसरा कोणी असेल, असं मला वाटत नाही. सुरुवातीला फार लाज वाटायची. फेटरीच्या पानठेल्यावरची पोरं तर आमची वाटच पाहत असत. एकदा एकानं मोठ्यानं विचारलं, सिस्टर, मागं पोतं कशाचं बांधलं? गजभिये सिस्टरनी गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली आणि म्हणाल्या, “दवाईचं आहे. तुले टोचू का एक?” पोरगं ठेल्याच्या आड सरकलं. त्यानंतर रस्त्यावर आम्हाला कोणी बोललं नाही. घरी मात्र माझ्या बायकोनं ‘पोतं’ हा शब्द जो उचलला तो उचललाच.

कळमेश्वरच्या पुढे एका गावात आमचं आरोग्य केंद्र आहे. मी तिथं औषधं देतो. गजभिये सिस्टर तिथल्या नर्स होत्या, पण केंद्रात बसणाऱ्या नव्हेत. गावोगाव फिरून लेकरांना लसी द्यायच्या, गरोदर बायांची विचारपूस करायची, बाळंतिणींच्या घरी जायचं, हे त्यांचं काम. आम्ही दोघं नागपुरात गिट्टीखदानला राहायचो, एका गल्लीच्या अंतरावर. माझी गाडी मुलानं कॉलेजला जायला नेली तेव्हा मी बसचा विचार करत होतो. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, कायले बस, माझ्या मागं बस. त्यांनी गाडी बंदही केली नव्हती. मी चपला शोधेपर्यंत त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला.

त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. अंगानं काडी, उंचीनं माझ्या खांद्याला. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट आणि नागपूरच्या कॉलेजच्या पोरी बांधतात तसा चेहऱ्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. त्या वेशात वय कळायला मार्ग नव्हता. एकदा चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं “ए पोरी, गाडी बाजूला घे,” म्हटलं. सिस्टरनी दुपट्टा सोडला, तर तो बिचारा “मावशी, जा जा” म्हणत स्वतःच बाजूला झाला. नवरा गेल्यावर त्यांनी ही मोटरसायकल घेतली होती. शोरूमचा माणूस पुन्हा पुन्हा स्कूटरकडे नेत होता. त्याला त्यांनी सांगितलं की स्कूटरची चाकं लहान, आमच्या काळ्या मातीच्या भेगांत अडकली तर मले काढाले तू येशील का?

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांच्यात नव्हताच. चहा उभ्यानं, डबा व्हरांड्यात फिरत फिरत. मीटिंग असली की मागच्या भिंतीला टेकायच्या आणि डॉक्टर खुर्ची दाखवायला लागले की म्हणायच्या, मले इथून दिसते. मी खुर्चीचा माणूस. माझं सगळं आयुष्य काउंटरच्या मागे एका खुर्चीत गेलं आहे आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. सिस्टरना मात्र माझ्या खुर्चीचा राग यायचा. “बसलं का माणूस बसूनच जाते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य जास्त कडक होतं, “आपलं काम पायाचं आहे, बुडाचं नाही.” हे त्यांनी एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांसमोरही ऐकवलं. साहेब हसले, पण उठले नाहीत.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात बुद्धविहारामध्ये वंदना चालू असताना त्या हळूच उठल्या. कुठे गेल्या म्हणून मी पाहिलं, तर मंडपाच्या कडेला कूलरमध्ये पाणी टाकत होत्या. मुलीनं स्टेजवरून डोळे वटारले. सिस्टरनी हातानं ‘झालंच’ अशी खूण केली आणि दुसऱ्या कूलरकडे वळल्या. मुलगी पुण्याला दिली. व्याह्यांकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हा निघताना त्यांनी म्हटलं, “बरं, मी येतो.” तिथली लहान मुलं फिदीफिदी हसली. आमच्याकडे बायाही ‘येतो, जातो’च म्हणतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? सिस्टर मला सांगत होत्या, “मी म्हटलं, हसा बावा. येतो म्हणा का येते म्हणा, येणं पडते ना?”

सगळ्यांच्या ताई, मावशी, सिस्टर असलेल्या या बाईला एकाच गोष्टीचं भय होतं, ते म्हणजे स्टोअरचं. आमच्या केंद्राच्या मागे औषधांची एक खोली आहे. खिडकी एक, तीही भिंतीकडे उघडणारी. गुडघे गेले, नजर गेली की नर्सला तिथं बसवतात. बाकीच्यांना ती बढती वाटते. सिस्टरना ती कोठडी वाटायची. गुडघे त्यांचेही कुरकुरत होते, पण केंद्रात शिरताना त्या लंगडणं दारातच ठेवून येत. आमचे डॉक्टर वयानं तरुण, सांगलीकडचे, माणूस चांगला. त्यांनी दोनदा काळजीनं विचारलं होतं की सिस्टर, उरलेले दिवस स्टोअर घेता का? दोन्ही वेळा सिस्टर लसीचा डबा उचलून फिरतीवर गेल्या होत्या. निवृत्तीचा दिवस रस्त्यावर उजाडावा, एवढं एकच त्यांना हवं होतं.

आता गाडीचं सांगतो. एप्रिलच्या तोंडावर एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मी पुढं आणि लसीचा डबा माझ्याही पुढं. त्यानंतर मीटरवर एक पिवळा दिवा लागायला लागला. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. काटोल रोडवरच्या भुरे मिस्त्रीनं पाहिलं आणि सांगितलं की इंजिन किती तापलं हे कळवणारा जो बारका सेन्सर असतो, त्याला धरून ठेवणारा होल्डर तडकला आहे. सेन्सर लोंबकळतो आहे. होल्डर अंगठ्याएवढा, पण कंपनी तो सुटा देत नाही. पूर्ण जोड मागवावा लागेल, वेळ लागेल. वेळ हा शब्द सिस्टरसमोर उच्चारायचाच नसतो.

नागपुरात एप्रिलमध्ये घरोघर काय चालतं हे नागपूरकराला सांगायला नको. माळ्यावरून कूलर उतरतात, वाळ्याच्या जाळ्या बदलतात, आणि टाकी कुठेतरी गळतेच. मग दोन कांड्या एकमेकींत मळून होते ती चिकट सील आणायची आणि भोकावर थापायची. दगडासारखी घट्ट बसते. तिचा उरलेला गोळा प्रत्येक घरात असतो आणि तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही तो दिसेल तिथं लावतो. नळाला, बादलीला, देवघराच्या पायाला. सिस्टरनी तो गाडीला लावला. सेन्सर जागेवर धरला, खाली-वर, आजूबाजूला सील भरली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी गाडी सुरू केली तर पिवळा दिवा गायब. “दिवा गेला, रोग गेला,” त्या म्हणाल्या, आणि भुरेला दाखवायला मुद्दाम त्याच्या दुकानावरून गाडी नेली. भुरेनंही मान डोलावली.

पण त्या दिवसापासून गाडीचं डोकं फिरलं. उभी असली की रेस आपोआप वर चढायची, खाली यायची, पुन्हा चढायची. पेट्रोलचा वास, मागून काळा धूर. वाटेत खोकायची, मान टाकायची, पुन्हा उसळायची. सिस्टर आधीच पाऱ्यासारख्या, त्यात गाडी तशी. त्या दोघींच्या मध्ये बसून मी त्या उन्हाळ्यात वजन कमी केलं असं बायको म्हणते. भुरेनं प्लग बदलला, फिल्टर साफ केला, पेट्रोल काढून दुसरं भरलं. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी तेच. सगळे एकच सांगायचे, उन्हाळा आहे सिस्टर, गाडी तापणारच. सिस्टरनाही ते पटायचं. मे महिन्यात नागपुरात कोणाचं काही बिघडलं तर ते उन्हानंच बिघडलं असं आम्ही धरून चालतो.

त्याच एप्रिलमध्ये आम्ही वीटभट्टीवर गेलो. भट्टी आमच्या हद्दीच्या टोकाला, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. तिथली कामकरी माणसं छिंदवाड्याकडची. दिवाळीनंतर येतात, पावसाआधी भट्टी बंद झाली की ट्रकमध्ये बसून जातात, आणि पुढच्या वर्षी तीच येतील याचा नेम नसतो. म्हणून तिथलं लेकरू सुटलं की सुटलंच. सिस्टर महिन्यातून एकदा तिथं जायच्या. मीही जायचो, कारण डबा मांडीवर धरायला कोणीतरी लागायचं.

त्या दिवशी फुलवती नावाची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला गोवराची लस द्यायची होती. अंग हाताला गरम लागत होतं, म्हणून सिस्टरनी थर्मामीटर फुलवतीच्या हातात दिला आणि त्या दुसऱ्या लेकराकडे वळल्या. परत येऊन पाहतात तर ताप काहीच नाही. सिस्टरचा हात मात्र वेगळं सांगत होता. फुलवतीनं थर्मामीटर मुलीच्या फ्रॉकवरून काखेत धरला होता. सिस्टर तिला थोडं रागावल्या, फ्रॉक वर करून पुन्हा लावला, तर चांगलाच ताप निघाला. मग त्या हिंदीत म्हणाल्या की आज नको, पुढच्या महिन्यात मी नक्की देईन, तोवर कुठे जाऊ नकोस. फुलवतीनं मान हलवली. बुखार की दवा मी दिली, आणि आम्ही निघालो.

पुढच्या महिन्यात निघालो ते पोचलोच नाही. कळमेश्वर ओलांडल्यावर गाडीनं एक मोठा खोकला काढला आणि ती मेली. सिस्टरनी किक मारली, बटण दाबलं, प्लग काढला. प्लग काजळीनं काळाकुट्ट. पुसून लावला, पुन्हा तेच. डोक्यावर ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. डब्यातला बर्फ वितळायला लागला की लसी वाया, म्हणून शेवटी मी एका टेम्पोला हात दाखवला आणि डबा घेऊन केंद्रात परत आलो. सिस्टर गाडी ढकलत आल्या. त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना. इतक्या वर्षांत त्यांची ठरलेली फेरी पहिल्यांदा चुकली होती.

डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता पुरे, पुढच्या महिन्यापासून तुम्ही स्टोअर सांभाळा. भट्टीवर पुढच्या आठवड्यात केंद्राची जीप मिळाली की दुसरं कोणीतरी जाईल. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात तिथं विटा असतील, माणसं नसतील. सिस्टरनी एक संधी मागितली. मागणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या मागत असताना मी खिडकीबाहेर पाहत होतो. डॉक्टरांनी विचार केला आणि अट घातली. परवा सकाळी जा. गाडी बंद पडायला नको, आपली हद्द सोडायची नाही, आणि दुपार व्हायच्या आत डबा माझ्या टेबलावर पाहिजे. तसं झालं तर मी स्टोअरची गोष्ट पुन्हा काढणार नाही, निवृत्त होईपर्यंत फिरती तुमची. नाही झालं तर स्टोअर. सिस्टरनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, “चाल.”

संध्याकाळी आम्ही भुरेच्या दुकानात. तो गाडी उघडून बसला होता आणि सिस्टर गाडीभोवती फेऱ्या मारत होत्या. भुरे वैतागून म्हणाला, “सिस्टर, तुमी जरा बसा न. तुमी फिरून राहिल्या तर माझा पाना सटकते.” त्या बसल्या नाहीत, पण माझ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. भुरेनं पुन्हा काळा प्लग काढला आणि डोकं खाजवलं. म्हणाला, पेट्रोल जास्त पिऊन राहिली. डिसेंबरात सकाळी थंड गाडी सुरू केली का जशी पिते, तशी दिवसभर पिते. मग हसत म्हणाला, “जशी काही हिले थंडी वाजून राहिली.”

मेच्या मध्यात, कूलरपुढे बसूनही अंगातून धारा लागत असताना, मोटरसायकलला थंडी. मी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, इंजिनला बोट लावलं आणि चटका बसला म्हणून झटकलं. मग त्याच बोटानं सीलचा गोळा चाचपला. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना असं न हलता उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, म्हणून घाबरलो.

“डेहनकर,” त्या म्हणाल्या, “त्या फुलवतीनं थर्मामीटर कसा लावला होता गा?”

“फ्रॉकवरून,” मी म्हटलं.

“मी तिले रागावली. अन् मी काय केलं? मीबी फ्रॉकवरूनच लावला न गा.”

भुरेला काही कळेना. सिस्टरनी त्याला समजावलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. सेन्सर लोखंडाला भिडलाच नव्हता. मध्ये कूलरच्या सीलचा जाड थर होता. इंजिन आत भट्टीसारखं पेटलेलं आणि सेन्सर निरोप देतो आहे की अजून गार आहे, अजून पेट्रोल पाठवा. बिचारी गाडी पीत होती आणि काजळी ओकत होती. दिवा विझला होता तो सेन्सर हलायचा थांबला म्हणून. सिस्टर स्वतःलाच भैताड, म्हणजे वेडी, म्हणाल्या, आणि मग मलाही म्हणाल्या, कारण सील मळायला त्यांनी मलाच बसवलं होतं.

दुसरा दिवस होल्डर शोधण्यात गेला. शोरूमवाला पूर्ण जोडावरून हलेना. शेवटी जुन्या पार्टच्या गल्लीत, अपघातात चेपलेल्या एका तशाच गाडीच्या सांगाड्यावर तो सापडला. दुकानदार म्हणाला उद्या काढून ठेवतो. सिस्टरनी त्याच्याच पेटीतला पाना उचलला आणि तिथंच उकिडव्या बसून स्वतः काढला. भुरेकडे छिन्नीनं सील फोडायला जीव गेला. ती सील आम्हीच लावलेली, तरी सिस्टर तिला शिव्या घालत होत्या. जागा घासून चकचकीत केली, होल्डर बसला, सेन्सर त्यात टक करून गेला आणि लोखंडाला भिडला. गाडी सुरू झाली. आधी जरा वर बोलली, मग खाली आली आणि एका सुरात चालायला लागली. भुरेनं हात पुसले. सिस्टरनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. महिनाभर माझ्याही छातीत काहीतरी वर-खाली होत होतं, ते तेव्हा थांबलं.

ठरलेल्या सकाळी गाडी पाण्यासारखी गेली. मी मांडीवर डबा धरून बसलो होतो आणि कधी नव्हे ते मला मागे बसण्याचा अभिमान वाटत होता. भट्टीचं धुराडं दुरून दिसलं. त्यातून धूर निघत नव्हता.

आभाळ आदल्या दिवशी भरून आलं होतं म्हणून मालकानं भट्टी लवकर विझवली होती. निम्म्या झोपड्या उघड्या पडल्या होत्या. उरलेली माणसं भांडी बांधत होती. सिस्टरनी गाडीवरून उतरतानाच बाया-लेकरांना हाका मारल्या, विटांच्या ढिगावर कापड अंथरलं आणि लसीची बाटली उघडली. होती तेवढ्या सगळ्या लेकरांना भराभर लस देऊन झाली. सिस्टर प्रत्येक लेकराचं तोंड पाहत होत्या आणि मान वळवून पुन्हा झोपड्यांकडे पाहत होत्या. फुलवती नव्हती. एका म्हातारीनं सांगितलं की तिचा ट्रक नुकताच निघाला, सावनेरकडून छिंदवाड्याला.

बाटलीत लस उरली होती. उघडलेली बाटली ठरावीक तासांतच चालते, नंतर फेकायची. ऊन चढत होतं. निघालो असतो तर दुपारच्या आत डबा डॉक्टरांच्या टेबलावर गेला असता. मी तसं म्हटलं. म्हटलं, सिस्टर, तुमच्या हातात होतं तेवढं तुमी केलं. ट्रक हद्दीबाहेर गेला. तिच्या गावातही कोणी सिस्टर असेलच की.

“तिले थांब कोणी म्हटलं होतं?” सिस्टरनी विचारलं.

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“मी म्हटलं होतं. ते थांबली. मीच नाही आली.”

“स्टोअर पक्कं होईल, सिस्टर,” मी म्हटलं. मला खरंच भीती वाटली होती. “साहेबांनी साफ सांगितलं आहे.”

त्या थोडा वेळ त्या विझलेल्या धुराड्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं, कारण त्यांच्या ओठांचे कोपरे लहान मुलासारखे खाली गेले होते. मग त्यांनी चेहऱ्याचा दुपट्टा सोडला, माझ्या हातातून डबा घेतला आणि माझ्या जागेवर तो दुपट्ट्यानं करकचून बांधला.

“तुझ्या वजनानं गाडी पळणार नाही,” त्या म्हणाल्या. “तू सेंटरवर जा. साहेब विचारतील तर खरं सांगजो. लपवजो नको.”

आणि गेल्या. उघड्या तोंडानं, भर उन्हात, मागे निळा डबा. शेताच्या कच्च्या वाटेनं धूळ उडवत त्या मोठ्या रस्त्याला लागल्या आणि गाडीचा आवाज एकदाही न अडखळता लहान होत गेला.

मी एका सहा सीटर ऑटोमध्ये कोंबून घेऊन केंद्रात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण लावत-काढत बसले. दुपार उलटल्यावर माझा फोन वाजला. पलीकडे ट्रकांचे हॉर्न. सिस्टर एवढंच म्हणाल्या की दिली, पोरीला ताप नव्हता, फ्रॉक वर करून पाहिला. नंतर कळलं की ट्रक एका ढाब्यावर चहाला थांबला होता. लस दिल्यावर लेकराला अर्धा तास नजरेसमोर ठेवायचं असतं. ड्रायव्हर निघायची घाई करत होता, तर सिस्टर ट्रकच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि अर्धा तास तिथून हलल्या नाहीत.

ऊन कलल्यावर त्या आल्या. तोंड भाजून लाल झालं होतं. डबा त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडून दाखवलं. बर्फाचं पाणी झालं होतं. डॉक्टर उठून उभे राहिले. म्हणाले, सिस्टर, आपण उद्या बोलू, आज घरी जा. मला वाटलं ते विरघळले. कदाचित विरघळलेही असते. पण सिस्टरनी हात पुढे केला.

“त्यात बोलाचं काय, साहेब. ठरलं होतं ते ठरलं. स्टोअरची चावी द्या.”

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडायला फार वेळ लावला.

निवृत्त होईपर्यंत त्या स्टोअरमध्येच राहिल्या. त्यांनी तिथलं सगळं सामान हलवून हलवून पुन्हा लावलं, महिन्यातून दोनदा. पुढे मुलीनं पुण्याला नेलं. अधूनमधून फोन येतो, बोलताना त्या चालत असतात हे श्वासावरून कळतं. पण माझ्या मनात त्या आहेत त्या त्याच दिवशीच्या, घरी परततानाच्या.

केंद्राबाहेर येऊन त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. तू चालव, म्हणाल्या. मी बऱ्याच दिवसांत गाडी चालवली नव्हती. भीत भीत निघालो. मागे त्या इतक्या हलक्या होत्या की बसल्या आहेत की नाही हे मी पुन्हा पुन्हा आरशात पाहत होतो. गावं येत होती, जात होती. एका फाट्यावर एका बाईनं “ओ सिस्टर” म्हणून हाक मारली. सिस्टरनी हात हलवला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

शहरात शिरताना सिग्नलला थांबलो. चहूकडून गाड्यांचा गोंगाट होता, पण आमचं इंजिन हळू, एका लयीत, काहीही न मागता चालत होतं. आरशात मला त्यांचं भाजलेलं तोंड दिसत होतं. त्या इंजिनाकडे वाकून ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

“आता कुठं नीट झाली गा,” त्या म्हणाल्या. “अन् आता हिनं जाचं कुठं?”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मला गिअर टाकायचं सुचलं नाही.